दाजींची कंपनी आणि आईचा आवाज

माझ्या ताईनं ज्या माणसाशी लग्न केलं, त्याच्या वर्गात मुलं झोपायची. ही घरातली कुजबुज नव्हे. पोहांगमधल्या ज्या क्लासमध्ये दाजी गणित शिकवायचे, त्याच्या मालकानंच लग्नाच्या जेवणात उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं. "तक सर शिकवतात उत्तम," तो म्हणाला, "पण त्यांचा आवाज असा आहे की मी झोपेची गोळी सोडली. दुपारी जरा त्यांच्या वर्गाबाहेर उभा राहतो, झालं." सगळे हसले. दाजीही हसले. आई तेवढी हसली नाही.

दाजींचं नाव तक ह्योंग-गू. उंच, किडकिडीत, चष्मा सतत नाकाच्या शेंड्यावर. आणि आई म्हणजे मा ओक-बुन, जुकदो बाजारातली मासळीवाली. तिच्या गाळ्यासमोरून जाणारा माणूस एकतर मासे घेतो, नाहीतर माफी मागतो. बाबा होते तेव्हाही गाळा तीच चालवायची. बाबा फक्त बर्फ फोडायचे आणि 'हो' म्हणायचे. अशा बाईला असा जावई मिळाला. पहिल्यांदा घरी आले तेव्हा दाजी जेवताना काहीतरी म्हणाले. आईनं तीनदा "काय?" विचारलं आणि शेवटी ताईकडे वळून म्हणाली, "ह्याला उपाशी ठेवलंय का कुणी?"

मुलं झोपतात हा मुलांचा दोष आहे असं दाजींना कधी वाटलंच नाही. "सकाळपासून शाळा, मग इंग्रजीचा क्लास, मग माझा. थकतात बिचारी," ते म्हणायचे आणि खिडकीचा पडदा जरासा ओढून घ्यायचे, उजेडाचा त्रास नको म्हणून. मालकाला हे फार दिवस परवडण्यासारखं नव्हतं. चुसोकच्या सणाला सगळे जमलेले असताना दाजींनी चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि म्हणाले, "मी नोकरी सोडली. कंपनी काढतोय."

"कसली?" ताईनं विचारलं.

"शिक्षणाची. तंत्रज्ञानाची."

"एक कायतरी काढा," आई म्हणाली.

कंपनीची पहिली वस्तू होती टेबलावरचा दिवा. त्याच्या मानेत बारीकसा कॅमेरा बसवलेला. मुलाचं डोकं खाली झुकलं की दिवा लाल व्हायचा आणि भुंग्यासारखा आवाज करायचा. दाजींनी त्यावर किती महिने घालवले ते ताईलाच माहीत. दिवा अचूक चालायचा. अडचण एवढीच होती की वहीत लिहायचं तर डोकं खाली घालावंच लागतं. शहरभर दिवे बोंबलू लागले. मुलांनी मग त्यावर तोडगा काढला. कंपनीचे फोन तेव्हापासून मीच घ्यायचे. एका आईनं मला सांगितलं, "तुमच्या दिव्यापुढे आमचा मुलगा तासन्‌तास ताठ बसतो हो."

"वा, छान!"

"छान कसलं? लिहीत नाही, वाचत नाही. समोर बघत नुसता बसतो. मला भीती वाटायला लागलीये."

शेवटी ग्योंगजूजवळच्या एका बौद्ध मठानं उरलेले सगळे दिवे घेतले. तिथल्या भिक्षूंना ताठ बसून समोर बघण्याव्यतिरिक्त काही करायचं नसतं. मठाधिपतींनी फोन करून कौतुक केलं. दाजी आठवडाभर खुशीत होते. आम्ही बाकीचे नव्हतो.

दुसरी कल्पना मोबाइलवरच्या अ‍ॅपची होती. नाव 'शेजारचे सर'. गणित पायरीपायरीनं उलगडून दाखवणारं, मूल अडलं की नेमकं तिथेच थांबणारं. हे काम करायला मेंग दो-हान आला. तो दाजींचा जुना विद्यार्थी, संगणकातला हुशार इंजिनियर. दाजींच्या वर्गात सगळ्यात जास्त झोपलेला मुलगा तोच, हे तो स्वतःच सांगायचा. "सर, तुम्ही मला एकदाही उठवलं नाही," तो म्हणायचा. "त्या उपकाराखातर मी इथे आलोय."

अ‍ॅपमधली गणितं सुरेख होती. समजावून सांगण्यासाठी त्यांनी सोलच्या रेडिओवरची एक बाई शोधली. मधासारखा आवाज. शहरातल्या काही शाळांमधल्या मुलांना अ‍ॅप वापरून बघायला दिलं. दोन आठवड्यांनी दो-हाननं आम्हाला पडद्यावर एक रेघ दाखवली. रेघ चढत होती, चढत होती आणि एका ठिकाणी दरीत पडावी तशी खाली आली.

"हे काय?" दाजींनी विचारलं.

"हा तिसरा धडा. इथे सगळा जिल्हा झोपला."

दाजींचा चेहरा एवढासा झाला. नोकरी सोडली, यंत्रं आणली, स्वतःऐवजी बाईचा आवाज आणला, आणि मुलं पुन्हा तिथेच येऊन झोपली होती. दो-हानला वाईट वाटलं. तो म्हणाला, "असं करू. मुलानं बराच वेळ पडद्याला बोट लावलं नाही, तर जागं करणारं एखादं वाक्य वाजवू. उत्साहाचं."

उत्साहाचं वाक्य मी बोलायचं ठरलं. आमच्याच घरात, मागच्या खोलीत, दारावर गोधड्या टांगून आम्ही ध्वनिमुद्रणाला बसलो. मी "चला दोस्तांनो, पुढचं गणित सोडवू या!" असं पंचवीस तऱ्हांनी म्हटलं. दाजी कानाला हेडफोन लावून भिंतीकडे बघत ऐकत होते. तेवढ्यात आई बाजारातून आली. मासळीचे खोके दारात, ते आत घ्यायला कुणी नाही, आणि जावई भिंतीकडे बघत बसलेला. एकदा भडकली की आई जावई-बिवई सगळं विसरते. गोधडी बाजूला सारून ती गरजली, "अरे ए! बसलायस काय भिंतीकडं बघत? हात हलव की! तू बसून राहिलास तर काम आपसूक व्हायचं हाय व्हय? लाज न्हाई वाटत, गाढवा?"

दाजी उडाले. हेडफोन गळ्यात, चष्मा जमिनीवर. ते धावत जाऊन खोके आत घेऊन आले. आम्ही काम आवरलं आणि जेवायला बसलो.

दो-हाननं दुसऱ्या दिवशी ती वाक्यं अ‍ॅपमध्ये घातली. त्याच्या म्हणण्यानुसार फायलींची नावं सारखी होती. माझं म्हणणं असं की तो झोपेत होता.

संध्याकाळी फोन वाजला.

"हॅलो, 'शेजारचे सर' ना?"

"हो, बोला ना."

"तुमच्यात ती म्हातारी कोण आहे?"

"कुठली म्हातारी?"

"आमच्या मुलाला गाढव म्हणाली ती."

काय झालं असेल ते लख्ख कळलं. "फार मोठी चूक झाली आमची," मी म्हटलं, "मनापासून माफी मागते. आत्ताच्या आत्ता काढून टाकतो आम्ही..."

"काढताय कशाला? खबरदार काढलंत तर! खुर्चीतून पडता पडता वाचला आणि तेव्हापासून गणितं सोडवतोय. मी चार वर्षं कानीकपाळी ओरडतेय, ढिम्म हलला नाही. मला एवढंच विचारायचंय, त्या बाई इतर विषयांनाही ओरडतात का?"

त्या दिवशी असे फोन येतच राहिले. एकीनं सांगितलं, मुलीनं घाबरून आधी खोली आवरली, मग गणित सोडवलं. एका आजोबांनी तर आवाजाची मालकीण विधवा आहे का, अशी चौकशी केली. तो निरोप मी आईला दिला नाही.

आता आणखी वाक्यं हवी होती. दाजींनी आईला हात जोडून विनंती केली. आई बाजार सोडून यायला तयार नव्हती, म्हणून दो-हाननं माइक गाळ्यावर आणून बर्फाच्या पेटीवर बांधला. आई माइककडे बघत राहिली.

"कुणावर ओरडू?" तिनं विचारलं. "हितं तर कुणीच न्हाई."

"समजा, समोर मुलगा आहे," दो-हान म्हणाला.

"समजा म्हणून राग येतो व्हय, बाळा?"

शेवटी दाजी स्वतः स्टूल घेऊन माइकसमोर बसले. त्या दिवसापासून कंपनीचे संस्थापक रोज दुपारी, बाजार थंडावला की, सासूसमोर बसून गणितं चुकवू लागले. आईला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती सुरी चालवत विचारायची, "चुकलं?"

"चुकलं, आई."

"परत?"

"परत तिथंच चुकलं."

"काल बी तिथंच चुकलास! डोकं हाय का टोपी ठेवायची खुंटी? पुसून टाक! पयल्यापासनं कर!"

शेजारच्या गाळ्यांवरच्या बाया कामं सोडून बघायच्या. त्यांना वाटे, या घरात जावयाचे फार हाल आहेत. एकीनं दाजींच्या हातात गुपचूप उकडलेलं रताळं ठेवलं. मागे बर्फ फुटतोय, पाणी सांडतंय, कुणी कालवांचा भाव विचारतंय, हे सगळं ध्वनिमुद्रणात आलं आणि तसंच अ‍ॅपमध्ये गेलं. मुलांना तेही आवडलं; ती आईला आजी म्हणू लागली आणि तिचं नाव, तिचा गाळा शहरभर झाला.

पण महिनाभरात नवीनच पंचाईत झाली. "मुलं मुद्दाम थांबतायत," दो-हान म्हणाला. "मुद्दाम चुकतायत. काही जणांनी आजींच्या शिव्यांचा संग्रह केलाय. नवीन शिवी मिळाली की शाळेत सांगतात."

"मग बरोबर आलं की कौतुक करायला हवं," दाजी म्हणाले. "आजींनीच."

आता आम्ही दोघी बहिणी या बाईच्या हाताखाली वाढलो. ताई नर्सिंगला पहिली आली तेव्हा आई म्हणाली होती, "मग काय, नापास व्हायचं व्हतं?" कौतुक हा शब्द आमच्या घरात शिरलाच नव्हता. तरी दाजी स्टुलावर बसले. या वेळी त्यांनी खरोखर अवघड गणित घेतलं, बराच वेळ घासूनपुसून सोडवलं आणि कागद आईपुढे धरला. "आई, आलं. बरोबर आलं."

आईनं कागदाकडे पाहिलं. मग दाजींच्या घामेजलेल्या कपाळाकडे पाहिलं. सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि काहीशा वेगळ्याच आवाजात म्हणाली, "झालं. जेव जा."

एवढंच. दो-हाननं माइक बंद केला आणि नाक शिंकरायला बाजूला गेला.

त्या "झालं, जेव जा"साठी मुलांनी जीव टाकला. वीस अवघड गणितं सलग सुटली तरच ते ऐकायला मिळायचं. घरोघरी मुलं खोलीतून बाहेर यायची, चेहरा लाल, आणि स्वयंपाकघरात जाऊन ताट मागायची. "आजींनी जेवायला सांगितलंय." आयांचे मला फोन: "मी हाका मारून दमते तेव्हा येत नाही, आणि त्यांनी एकदा सांगितलं की लगेच हजर. पण असू दे, जेवतोय ना."

पोहांगमधून अ‍ॅप देगूला गेलं, बुसानला गेलं आणि शेवटी सोललाही पोहोचलं. आमची बोली ऐकून नाकं मुरडणारं सोल! तिथली मुलं म्हणे आमच्या आईसारखं बोलायला लागली आणि शाळांनी पालकांना बोलावून घेतलं. मागच्या खोलीतली कंपनी पोलाद कारखान्याच्या समोरच्या इमारतीत गेली. दाजींना भाषणांची बोलावणी येऊ लागली. त्यांच्या भाषणात लोक झोपायचे, पण आता आदरानं झोपायचे.

मोठी कंपनी म्हणजे बाहेरचा पैसा, आणि बाहेरच्या पैशाबरोबर गुक सो-रिन आल्या. गुंतवणूकदारांच्या वतीनं कंपनीवर लक्ष ठेवायला सोलहून आलेल्या. हुशार, टापटीप, प्रत्येक वाक्याआधी किंचित हसणाऱ्या. बाई वाईट नव्हत्या हे मी आजही सांगते. त्यांनी पहिल्याच बैठकीत मुद्द्याला हात घातला.

"तक साहेब, आपली सगळी कंपनी एका आजींच्या घशावर उभी आहे. त्यांना सर्दी झाली की कंपनीला सर्दी होते. त्यांचा आवाज यंत्राला शिकवू. मग यंत्र हवं ते, हवं तेव्हा बोलेल."

दाजींना ते पटेना, पण टेबलाभोवती त्यांच्या बाजूचे हात कमी होते. ते आईला विचारायला गाळ्यावर आले. आई माकूळ साफ करत होती.

"म्हणजे मला रोज ओरडायला नको?" तिनं विचारलं.

"नको. यंत्र ओरडेल."

"बरं झालं. वरडू दे की. माझं काय जातंय? पर गाळ्यावर बी त्यालाच बसवा म्हणावं, मी जरा पाय पसरते."

यंत्र शिकलं. आणि पहिले काही दिवस इतकं छान ओरडलं की आम्हीसुद्धा दचकायचो. मग सोलमधल्या एका वकील पालकांची तक्रार आली की त्यांच्या मुलाला खुंटी म्हटलं गेलं. गुक बाईंनी भाषा तपासायला एक समिती नेमली. मी तिच्या बैठकीत टिपणं घ्यायला बसायचे. समितीतले लोक विद्वान होते आणि एकेका शब्दावर तासभर बोलायचे.

"'गाढव' काढावं लागेल."

"निर्विवाद. आणि 'लाज'? लाज मुलांच्या मनावर परिणाम करते."

"'अरे ए' हेही उद्धट वाटतं. 'प्रिय विद्यार्थी' कसं वाटतं?"

दाजी शेवटच्या खुर्चीवरून म्हणाले, "निदान 'जेव जा' तेवढं राहू द्या." ते कुणाला ऐकू गेलं नाही. जेव्हा ऐकू गेलं तेव्हा समितीतल्या एका डॉक्टरांनी हरकत घेतली. मुलाला भूक नसेल तर? सक्ती होईल. बरीच चर्चा होऊन नवं वाक्य ठरलं.

म्हणून एका सोमवारी सगळ्या देशातल्या मुलांना आमच्या आईच्या आवाजात ऐकू आलं, "प्रिय विद्यार्थी, आपण थोडे थकला आहात असे दिसते. आपली हरकत नसेल तर पुढच्या उदाहरणाकडे वळू या." आणि वीस गणितं सोडवणाऱ्याला बक्षीस म्हणून, "आपले अभिनंदन. आपण संतुलित आहाराचा विचार करू शकता."

आमच्या भागात म्हातारं माणूस अचानक असं गोड बोलायला लागलं, तर घरचे नातेवाइकांना बोलावून घेतात. मुलांना जे कळायचं ते कळलं. मंगळवारी फोन सुरू झाले.

"आजी बऱ्या आहेत ना हो?"

"अगदी ठणठणीत आहेत."

"खरं सांगा. आम्ही सहन करू."

बुधवारपर्यंत सगळ्या देशात बातमी पसरली की आजी गेल्या, आणि कंपनी ते लपवून यंत्राकडून वदवून घेतेय. मी शपथेवर सांगत होते की आज सकाळीच त्या मला ओरडल्या. कुणाचा विश्वास बसत नव्हता. गुक बाईंनी तोडगा काढला: आजींनी स्वतःच मुलांना सांगावं. आईला बोलवायला वेळ कुठे, यंत्र होतंच. त्या संध्याकाळी प्रत्येक मोबाइलवर आईचा आवाज संथपणे म्हणाला, "प्रिय विद्यार्थ्यांनो, मी सुखरूप आहे. माझी काळजी करू नका. आपण सर्वांनी दिलेल्या प्रेमाबद्दल मी सदैव ऋणी राहीन."

त्यानंतर शंका घ्यायला जागाच उरली नाही.

गुरुवारी सकाळी मी गाळ्यावर होते. एक टेम्पो आला आणि दोन माणसांनी पुरुषभर उंचीचं पांढऱ्या शेवंतीचं चक्र उतरवून आमच्या गाळ्यासमोर उभं केलं. वर काळी फीत. आई एक लांबट मासा सोलत होती. तिनं मान वर केली.

"काय हाय हे?"

"कुणीतरी गेलंय ना इथं?" टेम्पोवाला म्हणाला.

"कोण?"

त्यानं फीत वाचली. "'मा ओक-बुन आजींच्या पवित्र स्मृतीस. आठवी ब.'"

आई त्याच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात आणखी दोन चक्रं आली, आणि त्यांच्यामागून शाळेच्या गणवेशातली दहाबारा मुलं, रांगेत, माना खाली घालून. पुढच्या मुलीनं रडून डोळे सुजवलेले. तिनं इकडेतिकडे फोटो शोधला. फोटो नव्हता. मग सगळ्यांनी गाळ्याकडे तोंड करून ओल्या फरशीवर गुडघे टेकले, वाकले, उठले आणि पुन्हा वाकले.

जिवंत माणसाला एकदा वाकतात. दोनदा वाकायचं ते मेलेल्याला.

"दोनदा?" आई ओरडली आणि तिचा आवाज बाजाराच्या पत्र्याला जाऊन आपटला. "दोनदा वाकलात? मी मेलीय व्हय रे, गाढवांनो? आन् शाळा बुडवून आलात? चपला काढा, चड्ड्या वल्या झाल्या, तापानं फणफणाल! उठा! उठा म्हणते न्हवं!"

मुलांनी डोकी वर केली. सुजलेल्या डोळ्यांच्या मुलीनं तोंड उघडलं आणि ती मोठमोठ्यानं रडायला लागली, मग हसायला लागली, मग सगळीच. एका दांडगटानं तर आईच्या रबरी एप्रनलाच मिठी मारली. आईनं त्याला ढकललं नाही. हात मासळीचे म्हणून ते वर धरून ती तशीच उभी राहिली, आणि तिचे डोळे भरलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. मग तिनं मोठं पातेलं चढवलं, सगळ्यांना माशाचं तिखट सार आणि भात वाढला आणि फुलं शेजारच्या सुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या नव्या दुकानाच्या उद्घाटनाला पाठवून दिली, फीत काढून.

दाजी हे ऐकून गंभीर झाले. "आई, माझ्याबरोबर सोलला चला," ते म्हणाले. "संचालकांच्या बैठकीत. त्यांनी एकदा तुम्हाला समोर ऐकलं की समजतील."

मला वाटलं, आता गंमत आहे. मीही गेले. आईनं ताईच्या लग्नातला पारंपरिक पोशाख, हानबोक, घातला आणि मासळीचा एक खोका बरोबर घेतला, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. इमारत काचेची. बैठकीच्या खोलीत पाय बुडेल एवढा जाड गालिचा. तरुण मुलं-मुली लांबलचक टेबलाभोवती बसलेली. गुक बाईंनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आजी, यंत्राच्या आवाजाबद्दल आपलं काय मत आहे, मनमोकळं सांगा."

दाजींनी आशेनं आईकडे पाहिलं.

आई उभी राहिली. हात पोटाशी जुळवले. घसा खाकरला. आणि मी कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात म्हणाली, "नमस्कार. आपल्या सगळ्यांना भेटून आनंद झाला. आपण फार छान काम करत आहात. माझी काही तक्रार नाही."

आणि बसली.

टेबलाभोवती सगळे एकमेकांकडे बघून समाधानानं हसले. "ऐकलंत ना?" एक संचालक म्हणाला. "यंत्र हुबेहूब बोलतंय."

तरी दाजी उठले आणि हळू आवाजात, पण न अडखळता म्हणाले की मुलांना फसवून मी शिकवू शकत नाही. हा आवाज त्या बाईचा नाही, आणि तो बदलायचा नसेल तर मी इथे नसेन. संचालकांनी खेद व्यक्त केला आणि राजीनामा स्वीकारला. आपलीच कंपनी सोडून माणूस इतक्या शांतपणे बाहेर पडलेला त्या इमारतीनं पाहिला नसेल. जाताना त्यांनी दारही आवाज न करता लावलं.

परतीच्या गाडीत आई एकदम स्वतःवरच उखडली. "तोंडाला काय झालं व्हतं माझ्या, देव जाणे! एवढा गालिचा, एवढी गुळगुळीत माणसं... त्यांच्यावर वरडायचं तरी कसं? माझ्यामुळं तुमचं समदं गेलं, जावईबापू."

"गेलं नाही, आई," दाजी म्हणाले. "थोडं हलकं वाटतंय."

"काय?" आईनं विचारलं. नेहमीप्रमाणे तिला ऐकू गेलं नव्हतं. दाजींनी पुन्हा सांगितलं. आईनं पर्समधून उकडलेलं अंडं काढून सोललं आणि त्यांच्या हातात दिलं.

गुक बाईंचं नुकसान झालं नाही. मुलं गेली, पण त्यांनी तोच गोड आवाज वृद्धाश्रमांना दिला. आता तो म्हाताऱ्यांना औषधांची आठवण करतो आणि त्यांना फार आवडतो म्हणे. आईला हे कळलं तेव्हा तिनं फक्त नाक उडवलं.

दाजींनी आमच्या गाळ्यावरचा माळा घेतला. तिथे फळा लावला, बाकं टाकली, एक कॅमेरा बसवला. दो-हान मोठ्या पगारावर थुंकून परत आला. दाजी तिथून शिकवतात. काही मुलं समोर बसतात, हजारो मोबाइलवरून बघतात. मधूनच फरशीतल्या चौकोनी झडपेतून आई डोकं वर काढते आणि कोण झोपलंय ते बघते. मोबाइलवरच्या मुलांना ती दिसते, तिला ती दिसत नाहीत, पण तीही ताठ बसतात. दाजी म्हणतात, असा क्लास काढायचा हेच त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं. आम्ही वाद घालत नाही.

आता देगूचे पालक शाखा मागतायत. गणित शिकवणारा मिळेल, पण ओरडणारी कुठून आणायची? म्हणून दर रविवारी दाजी देगूच्या बाजारांत हिंडतात, डोळे मिटून, कान टवकारून. ताई म्हणते, "इतरांचे नवरे बाजारात बायकांकडे बघतात. माझा ऐकत फिरतो." गेल्या महिन्यात त्यांना लसूण विकणारी एक बाई सापडली. भाव करायला गेले तर तिनं त्यांना असं फैलावर घेतलं की समोरच्या दुकानातला कुत्रा पळाला. दाजी हरखून गेले. पण विचारायचं कसं? तोंड उघडायला धीर होत नाही. तोवर दर रविवारी जातात, मुद्दाम भलताच भाव मागतात, पोटभर बोलणी खातात आणि लसूण घेऊन येतात. घरात आता गच्चीवर, जिन्यात आणि ताईच्या कपाटाखाली लसूण आहे.